क्रिकेट आणि शिवाय आणखी एक खेळ : दोन खेळांत देशाकडून खेळलेल्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, तो हॉकीपण खेळायचा म्हणे." पुढे त्या 'म्हणे'चं काय होतं ते कुणी बघत नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. क्रिकेट मध्यभागी आहे, कारण आपल्याकडे विषय तिथूनच निघतो. बाकीचे खेळ लागतील तसे येतील.

दोन खेळांचा खेळाडू कुणाला म्हणायचं? शाळेत दोन्ही खेळलेला चालेल का?

नाही चालणार. शाळेत आपण सगळेच चार-चार खेळ खेळलो. इथे लावलेली अट अशी: दोन्ही खेळांत देशाच्या वरिष्ठ संघाकडून अधिकृत सामना खेळलेला असावा. अट कडक आहे आणि तिच्यामुळे मोठमोठे लोक बाहेर पडतात. डेनिस कॉम्प्टन इंग्लंडकडून ७८ कसोटी खेळला, आर्सेनल या फुटबॉल क्लबकडून लीग आणि एफए कप जिंकला. पण इंग्लंडच्या फुटबॉल संघातले त्याचे १२ सामने महायुद्धाच्या काळातले होते आणि त्यांना अधिकृत दर्जा नाही. म्हणजे नियमावर बोट ठेवलं तर कॉम्प्टन यादीत बसत नाही. मला स्वतःला हे पटत नाही, पण एकदा अट सैल केली की गल्लीतला प्रत्येक जण आत येतो.

डेकॅथलॉनवाल्यांबद्दलही विचारणा होते. तिथे प्रकार दहा असले तरी खेळ एकच, अ‍ॅथलेटिक्स.

या यादीत सगळ्यांत वरचं नाव कुणाचं?

एलिस पेरी. यावर वाद घालणारे भेटतात, पण त्यांच्याकडे दुसरं नाव क्वचितच असतं.

जुलै २००७ मध्ये डार्विनला न्यूझीलंडविरुद्ध तिने ऑस्ट्रेलियाकडून एकदिवसीय पदार्पण केलं तेव्हा ती १६ वर्षांची होती. दोन आठवडे व्हायच्या आत ती ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघातून हाँगकाँगविरुद्ध उतरली आणि सुरुवातीलाच गोल करून मोकळी झाली. २०११ च्या फुटबॉल विश्वचषकात स्वीडनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तिने पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेला गोल आजही लोक शोधून शोधून बघतात. ऑस्ट्रेलिया तो सामना १-३ असा हरला. क्रिकेट आणि फुटबॉल, दोन्हींच्या विश्वचषकात खेळलेली ती पहिली ऑस्ट्रेलियन.

पण तिचे दोन्ही खेळ एकाच क्षणी बघायचे असतील तर २०१० च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना काढा. ठिकाण बार्बाडोस, समोर न्यूझीलंड. ऑस्ट्रेलियाने जेमतेम १०६ केलेल्या. शेवटचा चेंडू पेरीच्या हातात, न्यूझीलंडला जिंकायला पाच हव्यात, चौकार गेला तर बरोबरी. समोर सोफी डिव्हाइन. डिव्हाइनने चेंडू सरळ, जमिनीलगत, जोरात परत मारला. पेरी अजून फॉलो-थ्रूमध्ये, खाली वाकून हात लावायला वेळच नव्हता. तिने उजवा पाय बाहेर काढला. चेंडू बुटाला लागून मिड-ऑनकडे वळला, तिथे उभ्या असलेल्या लिसा स्थळेकरने तो अडवला आणि एकच धाव निघाली. ऑस्ट्रेलिया तीन धावांनी जिंकला. १८ धावांत तीन बळी घेणारी पेरी सामनावीर ठरली.

त्या एका चेंडूत किती गंमत आहे बघा. गोलंदाज फुटबॉल आंतरराष्ट्रीय, फलंदाज न्यूझीलंडकडून हॉकी खेळलेली, आणि चेंडू अडवणारी पुण्यात जन्मलेली.

भारताकडून असं कुणी खेळलंय का?

हो, आणि एक नव्हे, दोन नावं आहेत. दोघेही मद्रासचे, दोघेही १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर एकाच संघात होते.

पहिले कोटा रामस्वामी. मद्रास क्रिकेटचे जनक मानले जातात त्या बुची बाबू नायडूंचे चिरंजीव. केंब्रिजला शिकले, १९२२ मध्ये डेव्हिस चषकात भारताकडून टेनिस खेळले. त्यानंतर चौदा वर्षांनी, वयाची चाळिशी पूर्ण झाल्यावर, ओल्ड ट्रॅफर्डला त्यांना कसोटीची टोपी मिळाली. लोकांना ती कसोटी आठवते ती विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांच्या २०३ धावांच्या सलामीमुळे. रामस्वामींच्या ४० आणि ६० धावा त्या सावलीत गेल्या. चाळिसाव्या वर्षी पदार्पण करून दोन्ही डावांत टिकून दाखवणं ही चेष्टा नाही. एकूण दोन कसोटी त्यांच्या वाट्याला आल्या.

त्यांच्या शेवटाची कुणी चौकशी केली तर सांगण्यासारखं फार नाही. १९८५ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, ते घरातून बाहेर पडले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

दुसरे एम. जे. गोपालन. त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न करावा लागतो.

गोपालन यांनी क्रिकेटसाठी ऑलिम्पिक सुवर्ण सोडलं, हे खरं?

बऱ्यापैकी खरं. गोपालन वेगवान गोलंदाज होते. १९३४ मध्ये रणजी करंडकाचा पहिलावहिला सामना मद्रास-म्हैसूर असा चेपॉकला झाला, त्यातला पहिला चेंडू त्यांनीच टाकला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ते कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळले होते. हॉकीत ते त्याहून भारी होते असं जुने लोक सांगत. १९३५ मध्ये ध्यानचंद यांच्या संघाबरोबर त्यांनी न्यूझीलंड दौरा केला.

मग १९३६ उजाडलं. एकाच उन्हाळ्यात क्रिकेट संघ इंग्लंडला निघालेला आणि हॉकी संघ बर्लिन ऑलिम्पिकला. हॉकीच्या निवड चाचणीला जायचं की क्रिकेटच्या बोटीत चढायचं? गोपालन बोटीत चढले. त्या अख्ख्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी मिळाली नाही.

आता तारखा बघा. बर्लिनची हॉकीची अंतिम लढत पावसामुळे एक दिवस पुढे गेली आणि १५ ऑगस्ट १९३६ ला झाली. भारताने जर्मनीला ८-१ असं धुतलं. त्याच १५ ऑगस्टला लंडनमध्ये ओव्हलवर भारताची तिसरी कसोटी सुरू झाली आणि गोपालन अकरा जणांत नव्हते.

चाचणीला गेले असते तर निवड झालीच असती, असं छातीठोक कुणी सांगू नये. पण हे गणित चुकलं ते गुणवत्तेमुळे नव्हे. दोन खेळ एका माणसात राहू शकत होते, एका ऑगस्टमध्ये राहू शकत नव्हते. हा मुद्दा खाली पुन्हा पुन्हा येणार आहे.

चुनी गोस्वामींना या यादीत घ्यायचं की नाही?

नियमाने नाही, मनाने हो. फुटबॉलमध्ये त्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको: १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हा कर्णधार गोस्वामी होते. क्रिकेटमध्ये ते भारताकडून खेळले नाहीत, बंगालकडून रणजी खेळले. यादीत नाव न बसण्याचं कारण तेवढंच.

मुंबईकरांनी मात्र त्यांना हौशी समजू नये. १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांनी ९६ आणि ८४ केल्या. मुंबई पहिल्या डावाच्या आघाडीवर सुटली. १९७१-७२ मध्ये ते बंगालचे कर्णधार म्हणून पुन्हा मुंबईसमोर अंतिम फेरीत उभे होते आणि पुन्हा हरले. त्या काळात मुंबईसमोर सगळेच हरत होते, ते सोडा. त्याआधी डिसेंबर १९६६ मध्ये इंदूरला सोबर्सच्या वेस्ट इंडिजला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाने डावाने हरवलं, त्यात गोस्वामींचे आठ बळी होते. मध्यमगती गोलंदाजी, तीही एका फुटबॉलपटूची!

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉल थांबवलं. आजच्या हिशेबाने हे वय ऐन भराचं.

मराठी खेळाडूंपैकी कोण?

वरच्या कडक अटीत बसणारं नाव क्रिकेटमधून मिळत नाही. पण क्रिकेट बाजूला ठेवलं तर एक माणूस असा आहे की त्याच्यापुढे अटी लहान वाटतात.

मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे. लष्करात बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्ण जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. त्याच स्पर्धेत ते भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलममध्येही उतरले होते. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सेहेचाळीस वर्षं लागली. यावर काही बोलायला नको.

नंदू नाटेकरांचं नाव बरेच जण पुढे करतात. सांगलीचे नाटेकर आधी टेनिस खेळत. कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णनकडून हरल्यावर त्यांनी बॅडमिंटन धरलं आणि १९५६ मध्ये मलायात सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पहिला अर्जुन पुरस्कार त्यांचाच. म्हणजे दोन खेळ त्यांनी एकामागून एक धरले, एकत्र नाही. टेनिसचं राहिलेलं मुलाने, गौरवने, डेव्हिस चषक खेळून पूर्ण केलं.

आजच्यांत जेमिमा रॉड्रिग्ज. महाराष्ट्राच्या वयोगटातल्या हॉकी संघांतून ती खेळली आहे, आणि त्यातही चांगली खेळली आहे. पुढे क्रिकेट निवडलं. २०२५ च्या विश्वचषक उपांत्य फेरीत नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिची नाबाद १२७ आठवा. क्षेत्ररक्षकांच्या मधून चेंडू काढताना मनगटं कशी वळत होती ते आठवा. हॉकीवाले त्यात आपला वाटा मागतात आणि तो द्यायला हरकत नाही.

इंग्लंडमध्ये पूर्वी असे खेळाडू डझनांनी होते. आता का नाहीत? पूर्वीचे लोक जास्त दमाचे होते का?

दमाचा काही संबंध नाही. हंगामाचा आहे.

इंग्लंडमध्ये फुटबॉल ऑगस्टअखेरीपासून एप्रिलपर्यंत आणि क्रिकेट मे ते ऑगस्ट, अशी वाटणी होती. एक संपलं की दुसरं. व्यावसायिक खेळाडूला दोन्हीकडून पगार मिळे आणि दोन्ही पगार इतके बेताचे असत की दुसऱ्याची गरजच पडे. कॉम्प्टनचंच घ्या: २९ एप्रिल १९५० ला वेम्बलीवर आर्सेनलकडून एफए कपचा अंतिम सामना, लिव्हरपूलवर २-० विजय, आणि लगेच क्रिकेटचा उन्हाळा.

त्याआधीच्या पिढीतला सी. बी. फ्राय तर अजबच. १८९३ मध्ये लांब उडीच्या विश्वविक्रमाशी बरोबरी. १९०१ मध्ये इंग्लंडकडून आयर्लंडविरुद्ध फुटबॉल, त्याच वर्षी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये लागोपाठ सहा शतकं. १९०२ मध्ये साउदॅम्प्टनकडून एफए कपची अंतिम लढत. ससेक्समध्ये त्याचा जोडीदार आपला रणजी, म्हणजे रणजितसिंहजी. गंमत म्हणजे फ्राय इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर कधीच गेला नाही. दौरा म्हणजे अर्धं वर्ष बोटीत आणि परदेशात. दुसरं काहीच करता आलं नसतं.

आणि १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मिडलवेट बॉक्सिंगचं सुवर्ण जिंकणारा जॉनी डग्लस पुढे इंग्लंडचा कसोटी कर्णधार झाला. अंतिम फेरीत त्याने हरवलेला ऑस्ट्रेलियन स्नोई बेकर त्याच ऑलिम्पिकमध्ये पोहण्यात आणि सूर मारण्यातही होता. डग्लसची फलंदाजी इतकी संथ की जे. डब्ल्यू. एच. टी. या आद्याक्षरांचा प्रेक्षकांनी 'जॉनी वोन्ट हिट टुडे' असा अर्थ लावला.

इंग्लंडच्या पुरुषांत फुटबॉल आणि क्रिकेट दोन्हींत खेळलेला शेवटचा माणूस आर्थर मिल्टन. १९५१ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध एक फुटबॉल सामना, १९५८ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पणात नाबाद १०४. निवृत्तीनंतर तो ब्रिस्टलमध्ये सायकलवरून टपाल वाटायचा. त्याच्यानंतर फुटबॉलचा हंगाम मेअखेरपर्यंत लांबला, जुलैत सराव सुरू झाला, क्रिकेटचे हिवाळी दौरे नित्याचे झाले. मधली फट बुजली आणि तिच्यातून येणारी माणसंही थांबली.

कॉम्प्टन मुंबईत खेळला होता, असं आजोबा सांगायचे. खरं आहे का?

अगदी खरं. महायुद्धात त्याची नेमणूक इंदूरजवळ महूला होती. तिथून तो सी. के. नायडूंच्या होळकर संघात शिरला. १९४४-४५ चा रणजी अंतिम सामना मुंबईत झाला. मर्चंटनी दुसऱ्या डावात २७८ केल्या, होळकरांपुढे ८६७ चं अशक्य लक्ष्य ठेवलं आणि कॉम्प्टन नाबाद २४९ वर उभा राहिला. दुसऱ्या बाजूने माणसं जात राहिली. मुंबई ३७४ धावांनी जिंकली.

त्याच्या गुडघ्याचंही विचारतात. ती दुखापत क्रिकेटची नव्हे, फुटबॉलची. १९३८ मध्ये गोलरक्षकाशी झालेल्या धडकेपासूनची. १९५५ मध्ये शेवटी गुडघ्याची वाटीच काढून टाकली. त्यानंतरही तो कसोटी खेळला.

महिला क्रिकेटमध्येच अशी नावं जास्त का दिसतात?

कारण अलीकडेपर्यंत तिथे पैसे नव्हते, त्यामुळे सामनेही कमी होते आणि वर्षाचे बरेच महिने रिकामे असत. रॅचेल हेहो-फ्लिंट इंग्लंडची क्रिकेट कर्णधार आणि हॉकीतली गोलरक्षक. न्यूझीलंडची सुझी बेट्स २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल खेळली आणि पुढे क्रिकेट संघाची कर्णधार झाली. दक्षिण आफ्रिकेची सुनेट व्हिल्योन आधी क्रिकेट खेळली, नंतर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये भालाफेकीचं रौप्य घेऊन गेली. सीमारेषेवरून तिचा थ्रो कसा येत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आता चित्र पालटतंय. २०२३ ला मुंबई आणि नवी मुंबईत पहिली डब्ल्यूपीएल (महिला प्रीमियर लीग) झाली, तेव्हा लिलावात पेरीला बंगळूरने १.७० कोटी दिले. एवढा पैसा आला की करार येतो, करारामागून वर्षभराचं वेळापत्रक येतं. पेरीने फुटबॉल त्याआधीच सोडलं होतं. मुलींना पैसे मिळायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण पुढची पेरी याच पैशामुळे दिसणार नाही, हेही तितकंच खरं.

एकाच वर्षी दोन विश्वचषक खेळलेला कुणी आहे?

नामिबियाचा डॉ. रूडी व्हॅन व्ह्यूरन. २००३ मध्ये क्रिकेटचा विश्वचषक खेळला आणि त्याच वर्षी रग्बीचाही. क्रिकेटमध्ये इंग्लंडविरुद्ध ४३ धावांत पाच बळी. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या डॅरन लीमनने त्याच्या एका षटकात २८ कुटल्या, हेही लिहिलं पाहिजे. व्यवसायाने डॉक्टर. छोट्या देशात खेळाडू मोजके असतात, तिथे अशी जागा अजून सापडते.

एका खेळात तयार झालेलं दुसऱ्यात खरंच उपयोगी पडतं का?

काही पडतं, काही आडवं येतं. हॉकीवाल्याचे हात खाली येतात, चेंडू अंगाजवळ येऊ देऊन खेळण्याची सवय असते. स्वीप आणि लेट कटला हे सोन्यासारखं. जाँटी र्‍होड्सची दक्षिण आफ्रिकेच्या हॉकी संघात निवड झाली होती, पण संघ १९९२ च्या ऑलिम्पिकला पात्रच ठरला नाही. त्याच वर्षी क्रिकेट विश्वचषकात त्याने इंझमामला झेपावून धावबाद केलं. तो चेंडू हातात घेऊन धावत आला आणि अंगासकट यष्ट्यांवर पडला. हॉकीत वाकून, गुरुत्वमध्य खाली ठेवून धावण्याची सवय लागते. ती तिथे दिसते.

आडवं येण्याचं उदाहरण मायकेल जॉर्डन. बास्केटबॉलचा देव, १९९४ मध्ये बेसबॉलच्या दुय्यम लीगमध्ये बर्मिंगहॅम बॅरन्सकडून उतरला आणि त्याची सरासरी .२०२ राहिली, म्हणजे दहा संधींत जेमतेम दोनदा यशस्वी फटका. दमखम, उडी, जिद्द सगळं होतं. वळणारा चेंडू हातातून सुटतानाच ओळखायला लागणारी हजारो चेंडूंची सवय नव्हती. डोळ्यांना ती शिकवण लहानपणी मिळते, नंतर मिळवायची म्हटलं तर वर्षं जातात.

अ‍ॅश बार्टीचं वेगळं. टेनिसला कंटाळून ती २०१५-१६ मध्ये ब्रिस्बेन हीटकडून बिग बॅश ही ऑस्ट्रेलियाची टी-ट्वेंटी लीग खेळली, मग टेनिसमध्ये परतली आणि फ्रेंच, विम्बल्डन, ऑस्ट्रेलियन अशा तिन्ही स्पर्धा जिंकून गेली. संघात राहिल्याने तिला टेनिसची गोडी परत लागली असावी, असं माझं मत. क्रिकेटने तिचा बॅकहँड सुधारला असं कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

डिव्हिलियर्स हॉकी, रग्बी, बॅडमिंटन, पोहणं सगळ्यांत राष्ट्रीय पातळीवर होता, असा फॉरवर्ड येतो. खरा आहे?

खोटा. खुद्द डिव्हिलियर्सने आत्मचरित्रात त्यातले बहुतेक दावे एकेक करून खोडले आहेत. लहानपणी टेनिस बरं खेळायचा, गोल्फ चांगलं खेळतो. बाकी सगळं लोकांनी प्रेमापोटी चिकटवलेलं. एवढं होऊनही तो फॉरवर्ड दर आयपीएलला येतो आणि पुढेही येत राहील.

चहल बुद्धिबळात भारताकडून खेळलाय ना?

खेळलाय, पण मुलांच्या वयोगटात. प्रायोजक मिळेना म्हणून पट आवरला आणि लेगस्पिन धरली.

क्रिकेट सोडून जगात सगळ्यांत मोठं कोण?

माझं मत बेब डिड्रिक्सनला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बायकांना तीनच वैयक्तिक प्रकारांत उतरायची मुभा होती. तिने तीन निवडले: ८० मीटर अडथळे, भालाफेक, उंच उडी. दोन सुवर्ण, एक रौप्य. चौथ्याला परवानगी असती तर काय झालं असतं कोण जाणे. नंतर गोल्फ धरलं आणि त्यातल्या दहा मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९५३ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १९५४ मध्ये यूएस ओपन बारा फटक्यांच्या फरकाने तिने जिंकली.

जिम थॉर्पचे चाहते नाराज होतील. १९१२ च्या स्टॉकहोममध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही सुवर्णं, शिवाय बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल. आधी किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून पदकं काढून घेतली आणि तो एकमेव विजेता असल्याचं ऑलिम्पिक समितीने २०२२ मध्ये कबूल केलं. तोवर त्याला जाऊन जवळपास सत्तर वर्षं झाली होती.

लॉटी डॉडचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. पंधराव्या वर्षी विम्बल्डन, एकूण पाच वेळा. मग इंग्लंडकडून हॉकी, १९०४ मध्ये ब्रिटिश हौशी गोल्फ विजेतेपद, १९०८ मध्ये तिरंदाजीचं ऑलिम्पिक रौप्य.

उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये?

वेगवेगळ्या खेळांत दोन्हीकडे सुवर्ण मिळवणारा एडी ईगन: १९२० मध्ये बॉक्सिंग, १९३२ मध्ये बॉबस्ले, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची शर्यत. एकाच वर्षात दोन्हीकडे पदक घेणारी पूर्व जर्मनीची क्रिस्टा लुडिंग-रोटेनबर्गर: १९८८, स्पीड स्केटिंग आणि सायकलिंग. हा विक्रम आता कुणालाच मोडता येणार नाही, कारण नंतर हिवाळी स्पर्धा वेगळ्या वर्षी हलवल्या. इथेही शेवटचा शब्द कॅलेंडरचा.

माझा मुलगा क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही खेळतो. प्रशिक्षक म्हणतात एक सोड. काय करावं?

वय विचारा. बारा-तेरापर्यंत सोडायची घाई नको. वेगवेगळ्या हालचालींनी शरीर सगळ्या बाजूंनी तयार होतं आणि एकाच सांध्यावर भार पडत नाही. मुलगा वेगवान गोलंदाज असेल तर हे जास्तच लागू. वाढत्या वयात बारा महिने गोलंदाजी करणाऱ्या पोरांच्या कंबरेच्या मणक्याला बारीक तडे जातात, आणि त्यातून बाहेर यायला महिने लागतात.

चौदा-पंधरानंतर मात्र प्रशिक्षकाचं म्हणणं अगदीच चूक नसतं. मुंबईत शाळांचं फुटबॉल पावसाळ्यात आणि क्रिकेट त्यानंतर, त्यामुळे शाळेत असेपर्यंत दोन्ही जमवता येतं. क्लबात गेला की अडचण. मुंबईने १९४८ पासून पावसातसुद्धा कांगा लीग घालून ठेवली आहे. म्हणजे क्रिकेटवाल्याचा पावसाळाही क्रिकेटनेच घेतला. त्यात दहावी आली की घरात वेगळीच कसोटी सुरू होते.

प्रशिक्षकाला एकच विचारा: "नेमक्या कुठल्या तारखा आदळतात?" दोन-तीन सामने आदळत असतील तर बोलून मार्ग निघतो. अख्खा हंगाम आदळत असेल तर निवडावं लागेल, आणि निवड मुलाने करावी.

२०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आहे. त्याने काही बदलेल का?

१९०० नंतर प्रथमच क्रिकेट ऑलिम्पिकला येतंय, लॉस एंजेलिसला, टी-ट्वेंटी स्वरूपात, पुरुष आणि महिलांचे सहा-सहा संघ. दोन वेगळ्या खेळांत ऑलिम्पियन झालेला क्रिकेटपटू निघण्याची शक्यता कागदावर तयार झाली आहे. त्यासाठी आधीच्या एखाद्या ऑलिम्पिकमध्ये दुसरा खेळ खेळलेला माणूस क्रिकेट संघात यायला हवा, बेट्ससारखा. एकाच ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि हॉकी दोन्ही? जुलैच्या त्याच पंधरवड्यात दोन्हींचे सामने आहेत.